पेनल्टीच्या ठिपक्यावर भात

फुटबॉलचा आशियाई चषक आमच्याकडेच भरवा म्हणून देश कसे हातघाईवर येतात, हे मेयर दिघोडकरने रेडिओवर ऐकलं होतं. पुढल्या साली, म्हणजे चौसष्टच्या उन्हाळ्यात, तो मान इस्रायलला मिळणार असं ज्या दिवशी त्याच्या कानावर आलं, त्या दिवशी त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि बायकोला म्हणाला, "मलका, अर्धं काम झालं."

"कुठलं?"

"उरलेलं अर्धं म्हणजे त्यातला एक सामना आपल्या गावात आणणं. बस."

मलका कांदा चिरत होती. तिने मान वर केली नाही. नवऱ्याच्या तोंडून 'बस' हा शब्द आला की पुढले काही महिने घरात काहीतरी सांडणार, मोडणार किंवा बुडणार, एवढं तिला अनुभवाने कळत होतं.

आता गाव म्हणाल तर गिवात शाकेद. म्हणजे बदामाची टेकडी. टेकडी होती, नाही असं नाही. बदामाचं झाड मात्र कुणी पाहिलं नव्हतं. नेगेवच्या वाळवंटातल्या बेर्शेबाहून बस सुटली की सगळी शहाणी माणसं वाटेत उतरून जात आणि जी उरत ती गिवात शाकेदची. सरकारने बांधलेल्या चाळींच्या चार रांगा, एक पाण्याची टाकी, शलोमो मोरोक्कोवाल्याचं किराणा दुकान, पंचायतीची कचेरी आणि एक मैदान. मैदान म्हणजे तरी काय, वाळवंटातली धूळ जिथे निवांत पडून राहायची ती जागा. त्याच्या दोन टोकांना लोखंडी पाइपांचे दोन गोल उभे होते, म्हणून त्याला मैदान म्हणायचं.

आणि मेयर? चिनी मातीच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. वॉशबेसिन आणि कमोड यांच्या राशीत त्याचा दिवस जायचा. पण बाकीच्या मराठी ज्यूंसारखा बोटीने इथे येण्याआधी, मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करत असताना, दर रविवारी तो लाइन्समन असे. लाइन्समन हा माणूस सामन्यात नसतो आणि सामन्याबाहेरही नसतो, हे खरं. पण मेयरने झेंडा वर केला की बावीस गडी जागच्या जागी थांबायचे. इथे आल्यापासून त्याने हात वर केला तर बससुद्धा थांबत नव्हती. हे दुःख त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त मलकाला, रोज रात्री.

पण खरी आग लागली हैफाला. मलकाची थोरली बहीण रोझी तिथे राही, आणि तिचा नवरा जुडा नवगांवकर तिथल्या बंदरात गोदामावर मुकादम. म्हणजे मेयरचा साडू. साडू हे नातंच असं आहे की देवाने ते केवळ माणसाची परीक्षा घ्यायला केलं असावं. भाऊ असता तर भांडता आलं असतं, मित्र असता तर सोडता आलं असतं. साडूचं काहीच करता येत नाही. जुडाच्या मुलाच्या बार मित्झव्याला, म्हणजे मुंजीसारख्या विधीला, सगळे जमले असताना जुडा नारळाची वडी तोंडात टाकून म्हणाला, "मेयर, हैफाला सामना होणार बरं का. आमच्याकडे गवत आहे, समुद्र आहे. तू ये बघायला. तिकिटाचं मी बघतो."

"आमच्याही गावात होणार आहे," मेयर म्हणाला.

बोलून गेला. तो बोलेपर्यंत त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

"तुमच्या गावात?" जुडा एवढा हसला की वडी घशात अडकली. रोझीने त्याच्या पाठीत गुद्दा घातला तेव्हा कुठे श्वास आला. "अरे, तुमच्याकडे उंटांचा बाजार भरवा! फुटबॉल कसला? त्यापेक्षा माझं ऐक. मी किती दिवस सांगतोय, बिऱ्हाड इकडे हलव. आमच्या वरच्या मजल्यावर खोल्या रिकाम्या आहेत. गोदामात माझ्या हाताखाली तुला चिकटवतो."

"माझ्या हाताखाली" हे शब्द मेयरच्या कानात शिरले ते बाहेर पडेनात. साडूच्या हाताखाली! सकाळी साडूला सलाम, दुपारी साडूचा डबा, संध्याकाळी साडूच्याच जिन्याने वर. आणि वर जुडा भर सभेत विचारणार, "काय मेयर, सुखी आहेस ना?"

पण मलकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दोघी बहिणी अलिबागजवळच्या थळ गावच्या, एका ताटात जेवलेल्या. वाळवंटात मलका कशी राहत होती ते तिचं तिला ठाऊक. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हे बघा, सामना गिवात शाकेदला आला, तर मी हैफाचं नाव काढणार नाही. पण नाही आला, तर भांडीकुंडी बांधायची आणि इकडे यायचं. शब्द?"

सगळा गोतावळा मेयरकडे बघत होता. जुडा तर वडी हातात धरून.

"शब्द," मेयर म्हणाला.

परतीच्या बसमध्ये त्याने मलकाला पाच-सहा वेळा सांगितलं की घाबरण्याचं कारण नाही. मलका म्हणाली, मी कुठे घाबरलेय?

पंचायतीचा चिटणीस दोव हा रुमानियाचा. तो प्रत्येक अर्जदाराला एकच शब्द ऐकवायचा, "सवलानूत", म्हणजे धीर धरा. सरकारी कचेरीत हा शब्द एवढा चालतो की एखाद्याला वाटावं, देशाचं चलन हेच आहे. पण मेयरने चषकाचं नाव काढलं आणि दोवच्या चेहऱ्यावर तरतरी आली. सामना आला तर रस्ता येईल, रस्ता आला तर दिवे येतील, दिवे आले तर कदाचित दोवची बदली एखाद्या बऱ्या गावी होईल. त्याने तिथल्या तिथे 'चषक समिती' स्थापन केली आणि मेयरला अध्यक्ष नेमलं. समितीत दुसरं कुणीच नव्हतं, म्हणून निवड एकमताने झाली. तेल अवीवच्या फुटबॉलवाल्यांना तार गेली आणि आश्चर्य असं की उत्तरही आलं: ऑगस्टअखेर आमचा माणूस मैदान पाहायला येईल. मैदानावर हिरवळ असली पाहिजे.

"हिरवळ," दोव म्हणाला.

"हिरवळ," मेयर म्हणाला. दोघांनी खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. तिथे धुळीचा एक भोवरा गोलात शिरून बाहेर पडत होता.

सल्ल्याला तोटा नव्हता. शलोमो म्हणाला, मेंढ्या सोड, मेंढ्या बसल्या की गवत आपोआप येतं. मेंढ्या गवत खातात, आणत नाहीत, हे मेयरने त्याला समजावलं तेव्हा तो म्हणाला, मोरोक्कोत आणतात. दोवच्या बायकोने सुचवलं की हिरवा रंग मारा. कारखान्यातला एक इराकी फोरमन म्हणाला, बगदादमध्ये आम्ही धुळीतच खेळायचो आणि कुणाचं काही वाईट झालं नाही. मेयरने सगळ्यांचे आभार मानले. अध्यक्षाला आभार मानावेच लागतात.

गवताचं बेणं शेजारच्या किबुत्झमधून, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीतून, मिळत होतं. अडलं ते पाण्याशी. प्रांताच्या पाणीखात्यात मिखाएल नावाचा अधिकारी होता. बारीक, चष्मेवाला, खाकी अर्धी चड्डी आणि बोलण्यात थेंबाचीही उधळपट्टी नाही.

"फुटबॉलला पाणी नाही," तो म्हणाला.

"अहो, पण देशाची इभ्रत—"

"इभ्रतीला पाणी नाही. पिण्याला आहे, कारखान्याला आहे आणि शेतीला आहे. पुढचा!"

इथे दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. पण मेयर पोर्ट ट्रस्टमध्ये वाढलेला कारकून. खिडकी बंद झाली की ती कुठल्या शब्दाने उघडते हे त्याच्या रक्तात होतं. तो तसूभरही हलला नाही.

"मग शेतीला द्या," तो म्हणाला.

"पीक?"

मागे रांग होती. मिखाएलची लेखणी हवेत थांबली होती. गहू म्हणावं तर तो हिवाळ्यात, कापूस म्हणावं तर तो पांढरा. मेयरला हिरवं पाहिजे होतं. त्याच्या डोळ्यांपुढे लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीनंतर एकदा लांबलेला आजोळचा मुक्काम आला. पाऊस पडल्यावर दारातून दिसलेला तो नजर पोचेल तिथवर सपाट, ओला, हिरवा गालिचा.

"भात," तो म्हणाला.

मिखाएलने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नेगेवमध्ये भात?"

"मनाई आहे का?"

मिखाएलने शोधलं. मनाई नव्हती. नेगेवमध्ये भात लावायला मनाई करावी असं आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. "देतो," तो म्हणाला. "पण मी पाहायला येणार. पीक दिसलं नाही तर पाणी बंद आणि दंड."

मेयर घरी आला तो शीळ वाजवत. त्याचा बेत तयार होता आणि बेत तयार झाला की मेयरला कसलीच काळजी नसे. भात हिरवं असतं. गवतही हिरवं असतं. फुटबॉलवाला साहेब येईल, पंचायतीच्या गच्चीवरून बघेल, गार वाटेल, मान डोलावेल, जाईल. सामना मंजूर झाला की फुटबॉलवाल्यांच्याच खर्चाने खरी हिरवळ. तोवर मिखाएलला पीक, साहेबाला हिरवळ. एका दगडात दोन पक्षी.

"आणि भाताचं बी?" मलकाने विचारलं.

हा प्रश्न मेयरच्या बेतात नव्हता.

पण बी निघालं. तिसऱ्या चाळीत सिम्हामावशी राहायच्या. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या, साठी उलटलेल्या, दोन वर्षांपूर्वी आलेल्या. मुंबईत त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तिकडे सरकार शेती देतं. म्हणून म्हातारीने दोन ट्रंका भरून राता भाताचं बियाणं आणलं, वर दोन लुगडी टाकली आणि बोटीत बसली. मिळाली ती तिसऱ्या मजल्यावरची दीड खोली. ट्रंका पलंगाखाली गेल्या आणि म्हातारी त्यांच्यावर झोपत होती.

"राता म्हणजे खारवटीतलं भात," मावशी म्हणाल्या. "इथलं पाणी खारट. जमेल. न जमायला काय झालं? मी आहे ना!"

मेयरला ही बाई एकदम आवडली. त्याच्याइतकाच आत्मविश्वास असलेलं माणूस त्याला गावात प्रथमच भेटत होतं.

मैदानाच्या कोपऱ्यात, कॉर्नरच्या झेंड्यापाशी, मावशींनी पालापाचोळ्याचा राब भाजून रोपं टाकली. चारी बाजूंनी बांध घातले, पाणी सोडलं. आता चिखलणीला नांगर पाहिजे, आणि नांगराला बैल. गिवात शाकेदमध्ये बैल नव्हता. शलोमोने ओळखीच्या एका बेदुइन गृहस्थाचा उंट ठरवला. उंटवाला भला माणूस. त्याने पाण्याकडे बघितलं, उंटाकडे बघितलं, आणि मेयरला हात जोडून सांगितलं की हा प्राणी कोरड्यावर सोनं आहे, पण चिखलाची त्याला शिसारी. मेयर म्हणाला, सवय होईल.

उंट मैदानात उतरला. मध्यरेषेपर्यंत छान गेला. मग त्याच्या पायाखाली काय होतंय ते त्याला कळलं. त्याने एकदा आभाळाकडे तोंड करून असा हंबरडा फोडला की कारखान्यातली माणसं बाहेर आली. चारी पाय चार दिशांना गेले. शेवटी धडपडत तो पेनल्टीच्या ठिपक्यापाशी पोचला आणि तिथे बसला. तो बसला तो बसलाच. दोवने सवलानूत म्हणून पाहिलं. शलोमोने पुढून खजूर दाखवले, मेयरने मागून ढकललं आणि उंटाने शेपटीने मेयरच्या हॅटवर असा फटकारा मारला की हॅट दहा हातांवर चिखलात. अध्यक्षाची हॅट! जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मेयरने हॅट उचलली, झटकली, तशीच डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "आज एवढंच काम ठरलं होतं." ऊन उतरल्यावर उंट आपल्या मनाने उठला, बांधावरून बाहेर पडला, आणि पुन्हा त्या गावाकडे त्याने तोंड केलं नाही.

मग सिम्हामावशींनी लुगड्याचा काचा मारला. "उंट कशाला? पाय नाहीत का आपल्याला?"

शुक्रवारी सकाळी गावातल्या आपल्या बायका उतरल्या. कुणी बेर्शेबाच्या इस्पितळात आया, कुणी कारखान्यात पॅकिंगला. पण बहुतेक अलिबाग-पेण-रोह्याकडच्या. मलका सगळ्यात शेवटी आली. "मला हैफाला जायचंय," तिने आल्या आल्या बजावलं, "तुमचा सामना बुडाला तर माझा फायदा आहे, हे लक्षात ठेवा. पण मावशी एकटी वाकलीय ते बघवत नाही." आणि तिने पदर खोचला.

मेयर बांधावर उभा राहून शिट्टी वाजवत होता. टचलाइनला समांतर लावा, असा त्याचा आग्रह. कुणाची ओळ वाकडी गेली की तो झेंडा वर करायचा. त्याच्या झेंड्याकडे कुणी बघत नव्हतं. बायका गुडघाभर चिखलात मागे मागे सरत होत्या, हात यंत्रासारखे चालले होते आणि मधूनच कुणीतरी गाण्याची ओळ टाकत होतं, बाकीच्या उचलत होत्या. मुलगी ओस्नात शाळेतून आली, बांधावर उभी राहिली आणि हिब्रूत म्हणाली, "अब्बा, ईमाला काय झालंय?"

मेयरने तिच्या आईकडे पाहिलं. मलका हसत होती. गालाला चिखल, कपाळाला चिखल, आणि तोंड उघडून, मागेपुढे न बघता हसत होती. बोटीत बसल्यापासून तिचं असं हसणं त्याने ऐकलं नव्हतं. त्याला फार बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली. एवढी वर्षं आपण हिला वाळवंटात काय दिलं, तर कमोडच्या गोष्टी.

"काही नाही," तो मुलीला म्हणाला. "ईमा गावाला गेलीय."

भात लागलं. लागलं म्हणजे असं लागलं की बेर्शेबाच्या बसचा ड्रायव्हर रोज बस थांबवून खाली उतरून बघायला लागला. ऑगस्टपर्यंत रोपं गुडघ्याला आली. मेयरने बांधांना चुना फासला, म्हणजे लांबून त्या मैदानाच्या रेषा वाटाव्यात. गोलांना जाळ्या बांधल्या. पंचायतीच्या गच्चीवरून पाहिलं तर हिरवंगार, आखीव, चुन्याच्या रेषांचं मैदान. दोवच्या डोळ्यांत पाणी आलं. "तेल अवीवला असं नाही," तो म्हणाला.

आता नियम असा आहे की दोन अधिकारी दोन वेगळ्या दिवशी येणार असले, तर ते एकाच दिवशी येतात. मिखाएल पंधरवड्याने यायचा होता तो फुटबॉलवाल्या साहेबाच्याच दिवशी सकाळी जीपमधून उतरला. मेयर त्याला पूर्वेच्या गोलापाशी घेऊन गेला. मिखाएलने रोप हातात घेतलं, मुळाशी पाणी पाहिलं, आणि त्याचा कोरडा चेहरा पहिल्यांदाच जरा ओलसर झाला. "भात आहे," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याची नजर वर गेली. "हे काय?"

"गोलपोस्ट," मेयर म्हणणार होता. पण म्हणाला, "मांडव. भोपळ्याचा वेल चढवायला."

"आणि जाळी?"

"भोपळा पडू नये म्हणून."

मिखाएलने मान हलवली. एवढ्यात पंचायतीसमोर मोठी गाडी थांबली आणि तीतून पांढरा शर्ट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घातलेला साहेब उतरला. त्या मुलखात टाय दिसली की समजायचं, लग्न आहे किंवा आपत्ती. हा फुटबॉलवाला साहेब.

मेयर धावला. मिखाएलला तिकडे टोकाला मावशींच्या ताब्यात दिलं. मावशी त्याला मराठीतून भाताचं खत समजावू लागल्या, तो चष्मा पुसू लागला. इकडे गच्चीवर साहेब खूश.

"विलक्षण," साहेब म्हणाला. "गवत जरा उंच नाही?"

"कापायचंय," मेयर म्हणाला. "आपण याल म्हणून राखून ठेवलं."

"आणि खाली पाणी चमकतंय ते?"

"धूळ बसावी म्हणून शिंपडलंय."

साहेबाने दोन वेळा 'विलक्षण' म्हटलं आणि आता तो गाडीत बसणार, बसणार, एवढ्यात त्याच्यातला जुना खेळाडू जागा झाला. गाडीतून त्याने नवा कोरा चेंडू काढला. "एक किक मारून बघतो. उसळी कशी आहे ते कळेल."

"कशाला त्रास!" मेयर ओरडला. पण लाथ बसली होती. चेंडू सुंदर कमानीत गेला, मध्यरेषेपाशी उतरला, डुबुक आवाज झाला आणि उसळीचा प्रश्न कायमचा मिटला.

साहेब चेंडू आणायला बांधावरून आत गेला. पहिल्या पावलाला घोटा गेला. दुसऱ्या पावलाला गुडघा. तिसरं पाऊल त्याने उचललं ते बुटाशिवाय.

"अरे ए!" मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून मिखाएल धावत आला. "पिकात कोण शिरलंय? बाहेर व्हा! हे सरकारी पाण्यावरचं भात आहे!"

"भात?" साहेब म्हणाला.

"भात!"

"हे फुटबॉलचं मैदान आहे! ते बघा गोल!"

"ते भोपळ्याचे मांडव आहेत!"

दोघांनी एकमेकांकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं आणि मग दोघांनी मिळून मेयरकडे पाहिलं. गच्चीवरून दोव खाली उतरायचा थांबला. बायका बांधावर तोंडाला पदर लावून उभ्या. मेयरने हॅट नीट केली. लाइन्समनच्या आयुष्यात असा क्षण येतो की दोन्ही बाजू अंगावर आलेल्या असतात आणि निर्णय द्यावाच लागतो.

"दोन्ही बरोबर आहे," तो म्हणाला.

त्याला पुढचं बोलू दिलं नाही. मिखाएलने साहेबाला पिकाची नासाडी केल्याबद्दल चांगलं फैलावर घेतलं. साहेबाने, एक बूट हातात आणि एक जमिनीच्या पोटात अशा स्थितीत, गिवात शाकेदमध्ये या जन्मात फुटबॉल होणार नाही असं जाहीर केलं आणि गाडीत बसून गेला. चेंडू तिथेच राहिला. मिखाएलने गच्चीच्या सावलीत बसून चहा घेतला, भातासाठी पाणी कापणीपर्यंत मंजूर केलं, आणि पीक चांगलं आलं तर पुढल्या सालचंही देतो म्हणाला. वर मेयरला सुनावलं, "या पिकाला हात लावून इथे फुटबॉल आणलात तर दंड."

म्हणजे मेयर हरला. आणि हरला तो असा, की स्वतःच्या हाताने मैदानही घालवून बसला.

त्याने कारण सांगितलं नाही, सबबही सांगितली नाही. शब्द म्हणजे शब्द. कारखान्यात त्याने सांगून टाकलं, जातो. हैफाला निरोप गेला. सणांचे दिवस संपले की जुडा बंदरातला ट्रक घेऊन येणार असं ठरलं. मेयर संध्याकाळी एकटाच बांधावर जाऊन बसायचा. भात पोटरीला आलं, निसवलं, लोंब्या वाकल्या, रंग बदलला. त्याला त्या गावाचा फार लळा लागला होता हे आता, जायच्या वेळी, कळत होतं. जुडाच्या गोदामातली खुर्ची त्याला झोपेत दिसायची. मलका त्याच्याशी या विषयावर एक अक्षर बोलत नव्हती. ती घरीच कुठे होती म्हणा! सकाळ झाली की ती शेतावर.

ट्रक आला. जुडा वरून उडी मारून उतरला, पाठोपाठ रोझी. मेयर हॅट घालून, कोट घालून, दारासमोर ट्रंकेवर बसला होता. गाद्या बांधलेल्या, भांडी पोत्यात, ओस्नात पोत्यावर.

"शाब्बास!" जुडा म्हणाला. "शब्दाला जागलास. बेस! गोदामात तुझी जागा तयार आहे, माझ्या टेबलाच्या बाजूलाच. मलका कुठाय?"

मेयरने हात केला. मलका पश्चिमेच्या गोलावर होती. गोलाच्या आडव्या पाइपावर फळ्या टाकून तिने माळा केला होता आणि तिथे बसून ती रॉकेलचा डबा बडवत चिमण्या हाकत होती. खाली गोलाची जाळी सोडवून तिने लोंब्यांवर अंथरली होती.

"मलका!" जुडाने हाक मारली. "चल! ट्रक उभा आहे!"

"मग राहू दे उभा!" तिकडून उत्तर आलं. "माझं पीकही उभं आहे!"

"अगं, पण ठरलं होतं ना! सामना आला नाही, तर—"

"ठरलं होतं ते यांचं. हे तयार आहेत. विचारा त्यांना." तिने डबा खाली ठेवला आणि माळ्यावर उभी राहिली. "भावजी, तुम्ही बंदरातले, तुम्हाला काय सांगू? पण ताईला विचारा. उभं पीक टाकून थळात कोणी कधी गाव सोडलंय?"

जुडा रोझीकडे वळला. रोझी तिथे नव्हती. तिच्या चपला बांधावर होत्या आणि ती लोंबी हातात घेऊन, दाणा दाताखाली फोडून, "अगं बाई, राता गं!" असं म्हणत रडत होती.

"बरं, कापणीपर्यंत थांबतो," जुडा म्हणाला. त्याचा आवाज आता मुकादमाचा राहिला नव्हता.

"कापणीनंतर झोडणी," मलका म्हणाली. "झोडणीनंतर पेंढा रचायचा. मग पुढल्या सालचं बी राखायचं, बांध नीट करायचे, राब भाजायचा. पाणी मंजूर झालंय. तुम्ही थांबा हवं तर, माणसं कमीच पडतात."

जुडाने मेयरकडे पाहिलं. "तू शब्द दिला होतास, मेयर."

"दिला होता," मेयर म्हणाला. "मी कोट घालून बसलोय. आता शेतकऱ्याची बायको ऐकत नाही, त्याला मी काय करू?"

"अहो!" गोलावरून मलकाची हाक आली. "ट्रंका आत न्या. आणि भावजींना एक डबा द्या वाजवायला. त्या गोलाकडे चिमण्या फार झाल्यात."

मेयर उठला. मघाशी ती ट्रंक बाहेर आणायला तो आणि शलोमो असे दोघे लागले होते, आणि तरी दोनदा खाली ठेवावी लागली होती. आता त्याने ती एकट्याने उचलली आणि हॅट न काढता घरात शिरला.